उभा चमचा, आडवा चमचा

"चमचा आडवाच होता," पिल-सुन म्हणाली. डोक्यावर केस कुरळे करायची गुलाबी रिळं असल्यामुळे मान वळवणं शक्य नव्हतं. म्हणून तिनं आरशातल्या बोक-नामकडे रोखून पाहिलं. "वाटीशेजारी, आडवा. म्हणजे तो जिवंत परत आला."

"उभा होता. भातात रोवलेला." बोक-नाम बाजारात सुकी मासळी विकत असे, आणि बोलतानाही तिचा हात तराजूसारखा वरखाली होई. "गेलेल्या माणसाला वाढतात तसा. चष्मा लावून बघत जा जरा."

"चष्मा होता. तुझं डोकं मध्ये होतं."

थोंग्यंगच्या बंदरामागच्या गल्लीत, चुन-सिमच्या पार्लरमध्ये, सकाळपासून हाच वाद चालला होता. 'दोन वाट्या' ही मालिका आदल्या दिवशी संपली होती. समुद्रात हरवलेल्या नवऱ्यासाठी रोज भाताची दुसरी वाटी भरून ठेवणारी एक बायको; शेवटच्या दृश्यात दार सरकतं, ती चमचा उचलते, हसून "आलात?" म्हणते, आणि चमचा खाली येतो न येतो तोच पडदा काळा होतो.

ज्या मुलीनं ते दृश्य लिहिलं होतं ती कोपऱ्यात टॉवेलांच्या घड्या घालत बसली होती. हा-यन, चुन-सिमची एकुलती एक. सकाळच्या बसनं सोलहून आली होती, येताना सगळं सामान घेऊन.

"अगं, तूच सांग ना एकदाचं," बोक-नाम म्हणाली. "उभा का आडवा?"

"जादा भागात कळणार होतं, मावशी."

तो जादा भाग आता होणार नव्हता. शेवटच्या दिवशी तीन टक्के प्रेक्षक मिळाले तर एक भाग वाढवू आणि पुढची मालिकाही हिलाच देऊ, असा वाहिनीचा शब्द होता. आकडा आला दोन पूर्णांक नव्याण्णव.

"एवढ्याशा फरकात किती माणसं बसतात गं?" चुन-सिमनं विचारलं.

"मोजणीची निवडक घरं असतात, आई. त्यांतलं एखादंच घर कमी पडलं असेल. ती कोणती, हे आम्हालाही ठाऊक नसतं. त्यांनाही कुणाला सांगायची मुभा नसते."

"एक घर?" पिल-सुनची रिळं थरथरली. "आणि त्या घरातली बाई काल काय करत होती? कोबीला मीठ चोळत बसली होती? सापडू दे मला. माझ्या हातानं तिच्या डोक्याला रिळं लावीन आणि काढायची विसरून जाईन."

हा-यन हसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

पिल-सुनला राग येण्याचा हक्क होता. गल्लीतल्या सगळ्यांनी पार्लरमध्ये जमून मालिका पाहायची, ही कल्पना तिचीच. 'आपल्या हा-यनची मालिका, एकेकटीनं काय बघायची?' असं म्हणून तिनं दारोदार निरोप दिले होते. दर बुधवारी आणि गुरुवारी रात्री नऊच्या आधी घरचा टीव्ही बंद करून, दिवा मालवून, ती सर्वांत आधी येई. मुलानं, ग्यू-तेकनं, पाठवलेल्या कूपनांवर आणलेली तळलेली कोंबडी सर्वांना देई. चौदा भागांत तिची बसायची उशी एकदाही रिकामी राहिली नव्हती.

"सगळ्यात मोठा टीव्ही मात्र हिच्याच घरी," बोक-नाम म्हणाली. "एकदा तरी बोलावलंस का गं, ग्यू-तेकच्या आई? काय लपवून ठेवलंयस घरात?"

"तीन जिने चढायचेत. तुझे गुडघे आधी दुरुस्त करून आण."

"मी आता इथंच राहीन म्हणते," हा-यन घडीकडे पाहत म्हणाली. "टॉवेल बरे जमतायत ना?"

"नाही," तिची आई म्हणाली. "तुला चौकोनसुद्धा येत नाही. परत जा आणि लिही." मग ती बराच वेळ नळाखाली हात धूत राहिली.

रिळं निघाली, केस वाळले. जाताना पिल-सुन दारात रेंगाळली. तिचा नवरा अकरा वर्षांपूर्वी गेला होता, समुद्रात नव्हे, साध्या अंथरुणात. तरी त्या दुसऱ्या वाटीतला भात पाहिला की ती हातातली कोंबडी खाली ठेवी.

"मला एकटीला सांग. आडवाच ना?"

"मी लिहिलंय ते," हा-यन हळूच म्हणाली. "पण कुणी पाहिलंच नाही, तर चमचा हवेतच राहतो, मावशी."

तीन जिने चढून पिल-सुन घरात आली तेव्हा दुपारचं ऊन खिडकीतून थेट टीव्हीवर पडलं होतं. त्याच्या शेजारी साबणाच्या वडीएवढा एक पांढरा डबा होता. दोन वर्षांपूर्वी ग्यू-तेकनं कुणा माणसाला पाठवून तो बसवून घेतला होता. टीव्हीसमोर बसलीस की दोन नंबरचं बटण दाब आणि याबद्दल कुणाशी बोलू नकोस, एवढंच तो घाईघाईत फोनवर म्हणाला होता. एकटी राहणारी आई बरी आहे, हे सोलमध्ये त्याला कळावं म्हणून ही सोय, हे तिनं न विचारताच ओळखलं. मुलाला लक्ष ठेवावं लागतं अशी म्हातारी ती झाली आहे, हे बोक-नामला कळलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजाराला कळलं असतं.

तिनं टीव्ही लावला, दोन नंबर दाबला. हिरवा ठिपका उजळला. कळलं असेल आता त्याला, आई घरी पोचली.

तेवढ्यात फोन वाजलाच. पडद्यावर ग्यू-तेकचं नाव पाहून तिचा चेहरा फुलला.

"बघ, लगेच कळलं ना तुला?"

"काय कळलं? आई, ऐक, त्या मोजणीवाल्यांचा फोन आला होता. डबा बिघडलाय का म्हणून विचारत होते. सात आठवडे झाले, दर बुधवारी-गुरुवारी नेमका नऊ वाजता आपल्या घरचा टीव्ही बंद असतो म्हणे."