चांगला पाइप लागेपर्यंत

"हाही गेला," असं म्हणत प्लंबरने बिडाच्या पाइपचा आणखी एक तुकडा घमेल्यात टाकला. वरून रंग लावलेला, दिसायला धडधाकट, पण करवत लावली की भिजल्या बिस्किटासारखा हातात येत होता मेला.

"अहो, संध्याकाळपर्यंत होईल म्हणाला होतात ना?" सुनेने बाथरूमच्या दारातून विचारलं.

"म्हणालो होतो ताई. पण नवा पाइप कशाला तरी जोडायला नको का? जुना चांगला लागेपर्यंत मागे मागे कापत जायचं. आता भिंतीत शिरलोय. ती उद्या फोडू. तोवर थेंबभरही पाणी सोडू नका, सगळं खालच्यांच्या डोक्यावर जाईल."

हा सगळा घाट सासऱ्यांसाठी. त्यांचे गुडघे वाकत नाहीत म्हणून उंच कमोड, धरायला दांडा. घरात बाथरूम एकच, आणि आता तिथे नुसता खड्डा. गावाला गेलेल्या नवऱ्याला तिने फोन केला, तर तो म्हणाला, "तू बघ ना काहीतरी." सकाळपासून खड्डाच तर बघत होती ती!

सासरे खोलीत पेपर घेऊन बसले होते. शेजारी तांब्या काठोकाठ भरलेला. गेल्याच महिन्यात लघवीच्या त्रासाने दवाखान्यात राहून आलेले. पाणी कमी पडलं तर किडनीवर येईल, असं डॉक्टरांनी सुनेला बाजूला घेऊन बजावलं होतं.

"बाबा, सकाळपासून पाण्याला हात लावला नाहीत तुम्ही."

"प्यायलो की."

"तांब्या तस्साच आहे."

"मग तहान नसेल लागली." त्यांनी पेपरचं पान उलटलं. ओठ पार सुकले होते.

तिच्या लक्षात आलं. रागही आला आणि रडूही. "मी खोलीत एखादं भांडं ठेवू का?" तिने कसंबसं विचारलं. त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की विषय तिथेच संपला.

"बरं, मग समोरच्या काकूंकडे जाऊ. केव्हाही या म्हणाल्यात त्या. जाऊन या, आणि मग पोटभर पाणी प्या. माझी शपथ आहे तुम्हाला."

शपथ घातली तेव्हा कुठे ते उठले. त्यातही आधी इस्त्रीचा शर्ट घातला, केस सारखे केले. लघवीला जायचं तर एवढा थाट! तिला हसू आलं. वॉकर टेकत टेकत दोघं समोरच्या दारापर्यंत पोचली.

काकूंनी दार उघडलं. आत पाहुणे बसले होते, सगळे अनोळखी. बाथरूमचं दार त्यांच्या पाठीमागेच. गप्पा थांबल्या आणि सगळ्यांनी वळून पाहिलं.

"काकू, ते आमच्या बाथरूमचं..." तिने सुरुवात केली. बाबांनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"काही नाही हो, सहज आलो," ते म्हणाले. "घरात ठोकाठोक चाललीय, कान किटले. म्हटलं, तुमच्याकडे बसावं जरा."

पाहुण्यांनी सरकून जागा करून दिली. पाय पुढे ताणून बाबा बसले आणि हवापाण्याच्या गोष्टी करू लागले. एकदा हसलेसुद्धा. तिचं मनगट मात्र त्यांनी सोडलं नव्हतं. बोलावं तर त्यांची लाज जाते, गप्प बसावं तर जीव. ती तशीच उभी राहिली.

काकू आतून ट्रे घेऊन आल्या. बाबांची नजर गार पाण्याच्या ग्लासवर क्षणभर अडकली.

"नको, नको," ते म्हणाले, "आत्ताच पिऊन आलो."