गाडी उत्तम, चालक बदलावा

“पुन्हा फिरवा किल्ली,” मेकॅनिकबाई म्हणाल्या.

माळीकाकांनी फिरवली. गवत कापायच्या गाडीने हूं की चूं केलं नाही. ब्रेक दाबलेला होता, पाती बंद होती, सगळं अगदी रीतसर. पाचव्या खेपेला काका सीटवरून अर्धवट उठले आणि धपकन खाली बसले, तेव्हा कुठे इंजिन धडधडलं. त्यांनी ब्रेक सोडला आणि ते पुन्हा गप्प झालं.

शाळेचं मैदान मोठं होतं आणि गवत घोट्याच्या वर आलं होतं. काका सव्वीस वर्षं ते कापत होते. पण गेला महिनाभर गाडीने त्यांचा नुसता छळ मांडला होता. याआधी दोन मेकॅनिक येऊन गेले. एकाने बॅटरी बदलली, दुसऱ्याने प्लग बदलला. दोघेही चांगले दणकट गडी. दोघांनीही सीटवर बसून स्वतः किल्ली फिरवली आणि दोघांकडूनही गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. दुसऱ्याने तर जाताना गाडीच्या वहीत शेरा मारला, ‘गाडी उत्तम. चालक बदलावा.’ मुख्याध्यापिकांनी तो वाचला. आजही गाडी काकांना दाद देणार नसेल, तर सोमवारपासून ती दुसऱ्याच्या हाती जाणार होती आणि काकांच्या हाती झाडू येणार होता.

“माझा हात बिघडलाय म्हणे,” काका म्हणाले. “सव्वीस वर्षं काय गोट्या खेळत होता?”

त्यांनी पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि अर्धी संपवली.

मेकॅनिकबाई हसल्या. त्यांना कुठल्याच यंत्राची भीती वाटत नसे, आणि दुसऱ्यांच्या शेऱ्यांची तर मुळीच नाही. त्यांची कामाची एक रीत होती. ज्याची तक्रार असेल त्यालाच आधी यंत्र चालवायला लावायचं आणि आपण हात मागे बांधून बघत राहायचं. ते बघून झालं होतं. आता त्या स्वतः सीटवर बसल्या. गाडी लगेच सुरू झाली.

काकांचा चेहरा उतरला. “तुमच्याशीही गोड! माझ्याशीच काय वाकडं आहे हिचं?” ते म्हणाले आणि “जरा जाऊन आलो” म्हणत शेडच्या मागे गेले. तासाभरातली ही तिसरी फेरी. परतले ते पँट वर ओढतच. पट्ट्याला खिळ्याने दोन नवी भोकं पाडलेली होती आणि उरलेला पट्टा कमरेवरून लोंबत होता.

बाईंची नजर तिथे गेलेली पाहून काका ऐटीत म्हणाले, “पोट गेलं बघा! तरुणपणी हटलं नाही, ते आता आपणहून गेलं.”

मेकॅनिकबाई मात्र या वेळी हसल्या नाहीत. त्यांनी आपली हत्यारांची लोखंडी पेटी उचलली.

“बसा काका. ही मांडीवर घ्या.”

“गरिबाची चेष्टा करता होय?”

“घ्या तर खरं.”

काकांनी पेटी मांडीवर घेऊन किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. बाईंनी ती बंद करायला लावली, पेटी उतरवली, पुन्हा किल्ली. गाडी ढिम्म. पेटी पुन्हा मांडीवर आली आणि गाडी पुन्हा सुरू.

मग त्यांनी काकांना उतरवलं आणि सीट उचलून खालचं छोटं बटण दाखवलं. “अपघात होऊ नये म्हणून सीटवर माणूस असल्याशिवाय ही सुरू होत नाही. आणि माणूस आहे हे तिला फक्त वजनावरून कळतं. काका, तुम्ही बसलाय हे तिला कळतच नाहीये. किती दिवसांत एवढे उतरलात?”

काका त्या बटणाकडे बघत राहिले. पहिल्यांदाच त्यांना भीती वाटली.

“दोन-तीन महिने झाले असतील. तहान फार लागते हल्ली.” मग घाईघाईने म्हणाले, “बाई, ते बटण काढूनच टाका ना. वायरला वायर जोडा. कुणाला कळायचं नाही. माझं एवढं काम राहू द्या.”

वायर जोडणं दोन मिनिटांचं काम होतं. संध्याकाळपर्यंत मैदान कापून झालं असतं आणि काकांची अब्रूही राहिली असती. मेकॅनिकबाईंनी सीट खाली टाकली, किल्ली काढली आणि आपल्या खिशात घातली.

“या अख्ख्या शाळेत तुमच्याकडे लक्ष होतं ते एकट्या हिचं. तिचंच तोंड मी कशी बंद करू?”

मुख्याध्यापिका पायऱ्या उतरून मैदानाकडेच येत होत्या. मेकॅनिकबाईंनी काकांकडे गाडीची वही मागितली. जुन्या शेऱ्यातला शेवटचा शब्द खोडला आणि तिथून पुढे सावकाश, ठसठशीत अक्षरात लिहिलं. काकांनी मान वाकडी करून वाचलं.

‘गाडी उत्तम. चालक आजच डॉक्टरांना दाखवावा. किल्ली मी नेत आहे. ती त्यालाच परत देईन.’