छत्रीचं माप

चाळीस वर्षं आत्या त्या जुन्या जंगलातल्या झाडांचे फोटो काढत होती. झाड केवढं थोरलं आहे हे बघणाऱ्याला कळावं म्हणून फोटोआधी बुंध्याला आपली काळी छत्री टेकवून ठेवायची. लोकांनी पाहिली तर झाडं वाचतील, या आशेने गेल्या वर्षी तिने सगळे फोटो हौसेने वन कार्यालयाला देऊन टाकले.

आज जाऊन बघते तर नेमक्या सगळ्यात जुन्या झाडांवर तोडीचे लाल आकडे. ती तशीच तरातरा कार्यालयात गेली आणि साहेबांच्या टेबलावर छत्री आपटली.

"रंग फासायला बरे आलात! टेप घेऊन मापं घ्यायला मात्र एक माणूस फिरकला नाही. मग कुठल्या आंधळ्याने निवडली हो ही झाडं?"

"फिरकायची गरजच पडली नाही, आत्याबाई. बसा, पाणी घ्या," म्हणत साहेबांनी तोडीची यादी तिच्यापुढे सरकवली.

पहिल्याच पानावर तिने काढलेला फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'बुंध्याची रुंदी : साडेतीन छत्र्या.'