उतरायचं नाही

"होडी आली तरी उतरायचं नाही. कुणी हात दिला तरी नाही. विमान पक्क्या धक्क्याला लागेल तेव्हाच," एलिफास मुलीला बजावत होता. "नेली, जन्मात एकदा तरी बापाचं ऐक!"

"आणि तू बरा आत्ताच उतरतोयस?" नऊ वर्षांची नेली फणकारली.

पोरगी होतीच तशी. झाडावर चढू नको म्हटलं की शेंड्यावर.

जावातल्या त्या तळ्यावर हे शेवटचं जलविमान उरलं होतं, आणि जपानी दोन दिवसांवर आले होते. एलिफास त्याचा मेकॅनिक. याच विमानातून त्यानं पाणबुड्या शोधल्या होत्या, तेलानं माखलेले खलाशी समुद्रातून ओढून आत घेतले होते. आता बॉम्ब काढून बायकापोरं कोंबली होती. "एक माणूस कमी करा, नाहीतर विमान पाणी सोडायचं नाही," कप्तान म्हणाला. एलिफास हत्यारांची पेटी उचलून निमूट निघाला.

मागच्याच आठवड्यात एक बाई विमानातून होडीत पाय टाकताना दोन्हींच्या मधे चिरडली होती. ते त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. विमानाचं पोट मात्र त्यानं स्वतः ठोकून घट्ट केलं होतं. त्याहून सुरक्षित जागा त्याला ठाऊक नव्हती.

"बरं, नाही उतरत," नेली तोंड फुगवून म्हणाली.

साडेतीन वर्षं त्यानं कैदेत काढली. पोटात अन्न नसायचं, पण बायको आणि नेली सुटल्या एवढ्या समाधानावर तो जगला, आणि त्याचा त्याला अभिमानही होता. युद्ध संपलं. बायको, दोर्कास, बोटीतून उतरली. एकटीच.

"ऑस्ट्रेलियात सुखरूप पोचलो होतो," ती म्हणाली. "ओहोटी होती, विमान धक्क्यापासून लांब उभं. सकाळी होडी आली. मी आधी उतरले, तिला घ्यायला हात पुढे केला. ती दाराला घट्ट धरून बसली. होडीवाला म्हणाला, पुढच्या खेपेला आणू. आम्ही किनाऱ्याला लागलो आणि जपानी विमानं आली."



दोर्कास त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तेवढं एकदाच ऐकलं हो तिनं तुमचं."