तिसरा दात

कार्डावर किडा नव्हता.

पांढऱ्या कार्डाच्या टोकाला डिंकाचा ठिपका तेवढा उरला होता, आणि ते कार्ड तिच्या बाळाच्या, पिल्लूच्या, मुठीत होतं. तिनं आधी कार्डाला टोचलेली टाचणी शोधली. ती चटईवर दिसली तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. मग तिनं पिल्लूच्या तोंडात बोट फिरवून पाहिलं. भरपूर लाळ, नुकतेच उगवलेले दोन दात. किडा नाही.

दोन मिलिमीटरचा तपकिरी किडा. जगात एकच. दूरच्या रानातल्या एका वेलीच्या शेंगेतून तो तिला मिळाला होता, आणि ते रान आता रस्त्याखाली गेलं होतं. नव्या जातीचं वर्णन ज्या एका किड्यावरून लिहायचं, तो मूळ नमुना संग्रहालयाबाहेर न्यायचा नसतो. पण पिल्लूला दातांचा ताप आला होता, लेखातल्या आकृतीच्या चार रेघा राहिल्या होत्या, आणि तिनं नमुन्याची डबी पर्समध्ये टाकली होती.

"काय शोधतेस गं?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"काही नाही, आई. एक बारीक वस्तू पडलीय."

"तुझ्या सगळ्या वस्तू बारीकच. लोक पोराचे दात मोजतात, तू किड्यांचे मोजत बस!"

खोटं नव्हतं ते. या गटातल्या किड्यांच्या मागच्या मांडीवर दोन दात असतात. तिच्या किड्याला तीन होते. त्या तिसऱ्या दातावर नवी जात उभी होती, आणि दोन महिन्यांत संपणारी तिची नोकरीही.

तिनं चटई झटकली, खोलीतला केर चाळणीनं चाळला. पुढचे दोन दिवस पिल्लूचे लंगोटसुद्धा भिंगाखाली तपासले. पोटात गेला असेल तर पोराला काही होईल का, हे तिनं डॉक्टरांना फोनवर विचारलं. नवऱ्याला मात्र यातलं अक्षर सांगितलं नाही.

बुधवारी संग्रहालयात भिंगबाई येणार होत्या; किड्यांच्या या जुन्या जाणकार बाईंना सगळे याच नावानं ओळखत. लेख छापायचा की नाही ते त्या ठरवणार. सत्तरी उलटली तरी नमुना स्वतः पाहिल्याशिवाय त्या सही करत नसत.

मंगळवारी संध्याकाळी तिनं चवळीचा डबा उघडला. झाकणाच्या आतल्या बाजूनं एक किडा चालला होता. कडधान्यात होतो तसलाच, त्याच गटातला, पण साधा. आकार तोच, रंगही तोच म्हणावा असा. याला दातही दोनच असणार, हे तिनं झोपेतही सांगितलं असतं.

डबा तिनं तसाच मागे सारला. किडा मारून कार्डावर चिकटवला. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र धरला नाही. त्याच्याकडे बघायची लाज वाटत होती.

बुधवारी भिंगबाई स्टूल ओढून बसल्या आणि त्यांनी डोळा लावला. ती शेजारी उभी राहिली.

"बाळ कुणाकडे?" मान न उचलता भिंगबाईंनी विचारलं.

"सासूबाईंकडे."

"सुखी आहेस. माझा लेक या टेबलाखाली झोपायचा. एकदा माझं अर्धं हस्तलिखित खाल्लंन् त्यानं. तेवढाच कुणीतरी आवडीनं वाचला म्हणायचा तो लेख!"

तिला हसू आलं नाही.

"वा! तिन्ही दात कसे खणखणीत आहेत," भिंगबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

म्हणजे डोळे गेले यांचे. आपण चोरी केली ती केली, वर एका म्हाताऱ्या बाईला आंधळी ठरवून तिची सही घेतोय.

"बाई, सही करू नका. हा तो किडा नाही."

मग तिनं सगळं सांगून टाकलं. ताप, पर्स, पिल्लूची मूठ, चवळीचा डबा. भिंगबाईंनी पेनाला टोपण परत लावलं.

"चिकटवल्यावर तू याच्याकडे पाहिलंस?"

"नाही."

"पाहा. आणि मोज."

तिनं डोळा लावला. एक. दोन. तिनं डोळे पुसले, पुन्हा पहिल्यापासून मोजले.

तीन.

"रानातल्या शेंगा घरी नेल्या होत्यास?"

"एकच दिवस. पिशवी फडताळात होती, डब्यांच्या शेजारी."

"मग आणखी दोघं-तिघं निसटली असणार शेंगांमधून, आणि तुझ्या चवळीत त्यांचा संसार थाटला गेला. अगं वेडे, रान गेलं पण जात तुझ्या फडताळात नांदतेय! रडतेस काय? घरी फोन लाव. डब्याला कुणी हात लावता कामा नये."

तिनं फोन लावला.

"बरं झालं बाई तूच केलास," सासूबाई म्हणाल्या. "काल डबा उघडल्यापासून तोंड एवढंसं झालं होतं तुझं. म्हटलं, किड्यांची लाज वाटली असणार पोरीला, बोलत नाही एवढंच. तू गेलीस आणि अख्खं फडताळ काढलं मी. चवळी उकळत्या पाण्यात ओतली, सगळे डबे कढत पाण्यानं घासले. एकसुद्धा सुटला नाही बघ. आता तू अगदी निर्धास्त राहा."