रंगपटातली शिट्टी

निरोपाच्या खेळाला दहाच मिनिटं उरली, तरी सर मॉर्टिमर पेलम यांना साधी शिंकसुद्धा येईना. सेड्रिक बँटॉक हताश झाला.

सेड्रिक त्यांचा बदली नट. सर आजारी पडले तर राजाची भूमिका त्याने करायची. पण पडतील तर ना! धडधाकट असताना खेळ चुकवायचा नाही, अशी सरांची शपथ, आणि म्हातारा कायमचा टुणटुणीत. सेड्रिकचे केस पिकले, राजाचा शब्द न् शब्द पाठ झाला, मुकुट मात्र कधी डोक्याला लागला नाही. उद्यापासून दोघेही निवृत्त. आज नाही तर कधीच नाही.

त्याने प्रयत्न केले नव्हते असं नाही. ब्रिस्टलला ऐन जानेवारीत सरांच्या उशाची खिडकी उघडी टाकली. सकाळी सर म्हणाले, "वा, काय झोप लागली!" ब्लॅकपूलला वास मारणारी कालवं खाऊ घातली. सरांनी ती चाटूनपुसून खाल्ली, वर आणखी मागितली. त्या दिवशी राजा असा गरजला, की पुढच्या रांगेतल्या बाई खुर्चीतून घसरल्या.

"मुकुट दे रे," सर म्हणाले. सेड्रिकने निमूट दिला. कपडेपट सांभाळणाऱ्या मॉडबाई झग्याचे बंद बांधत होत्या.

सरांनी आरशात पाहिलं. ओठांचा चंबू केला आणि खुशाल शिट्टी वाजवली.

"अरे देवा! रंगपटात शिट्टी!" मॉडबाई किंचाळल्या. "आधी बाहेर व्हा!"

नाटकवाल्यांचं शेंबडं पोरही हे सांगेल. रंगपटात शिट्टी म्हणजे घोर अपशकुन. वाजवणाऱ्याने बाहेर जायचं, तीन गिरक्या घ्यायच्या, थुंकायचं, दार ठोठावायचं. आतून कोणी 'या' म्हटल्याशिवाय पाऊल आत टाकायचं नाही. मग तो सर असो की झाडूवाला.

सरांनी मुकुट टेबलावर ठेवला. मळेल म्हणून झगाही काढला आणि बाहेर गेले. गिरक्या झाल्या, थुंकणं झालं.

"येऊ का?"

सेड्रिकने तोंड उघडलं. 'या' एवढंच तर म्हणायचं! पण त्याची नजर टेबलावरच्या मुकुटावर गेली. तेवढ्यात खेळ सुरू व्हायची घंटा झाली.

मॉडबाईंनी मुकुटाकडे पाहिलं, सेड्रिककडे पाहिलं, आणि झगा त्याच्या अंगावर चढवला. "मला बाई अलीकडे नीट ऐकूच येत नाही," त्या म्हणाल्या.

पहिल्याच प्रवेशात राजा झग्यात पाय अडकून सिंहासनावर आपटला. पण मग जो उभा राहिला, तो राजाच! शेवटी टाळ्या थांबेनात. सेड्रिक रंगमंचावरच ढसाढसा रडला.

आणि मग तो भानावर आला. म्हाताऱ्याचा निरोपाचा खेळ आपण गिळला! तो मुकुटासकट रंगपटामागच्या बोळात धावला. सर उपड्या बादलीवर बसून तळलेला मासा खात होते.

"सर, मी फार मोठं पाप केलं. ऐकू येऊनही बोलावलं नाही मी."

"पाप कसलं, लेका?" सरांनी माशाचा एक तुकडा त्याच्यापुढे धरला. "ब्लॅकपूलची ती सडकी कालवं मी आणखी मागून का खाल्ली होती? पण हे दगडाचं पोट! काही केल्या बिघडेचना."