विद्याधररावांचा पासवर्ड

"माझं नाव टाकून पाहिलंत?" प्रतिमाताईंनी विचारलं.

"पहिलं तेच टाकलं."

"मग?"

"चुकीचं म्हणतोय."

प्रतिमाताईंनी उपम्याची बशी टेबलावर जरा जोरात ठेवली.

विद्याधररावांनी सरकारी कारखान्यात तीस वर्षं रडारची जुळणी केली होती. तिथला नियम असा, की महिन्याच्या एक तारखेला पासवर्ड बदलायचा, कुणाला सांगायचा नाही आणि कुठे लिहायचा नाही. निवृत्तीनंतर राजाजीनगरच्या घरात कॉम्प्युटर आला, तेव्हा नियमही सोबत आला. परवा एक तारीख झाली. आज रविवारी सकाळी पाहतात तर पासवर्ड डोक्यातून साफ गेलेला.

एरवी चाललं असतं. पण चार वाजता के. आर. पुरमहून फडके येणार होते. मुलगा अमेरिकेत, घर उत्तम, फक्त सुखदाची पत्रिका त्यांना हवी होती. आणि पत्रिका कॉम्प्युटरच्या पोटात, गुण जुळवायच्या प्रोग्रॅमसकट. मूळचा पिवळा कागद गेल्या वर्षीच रद्दीत गेला होता. "आता सगळं मशीनमध्ये आहे," असं सांगून विद्याधररावांनीच तो घातला होता. प्रतिमाताईंचं म्हणणं एकच: अठरा गुणांच्या खाली साक्षात इंद्र आला तरी मुलगी द्यायची नाही.

"तीस वर्षं रडार उघडलीत. हा डबा उघडता येत नाही?"

"दुसऱ्याचं सील आपण तोडायचं नाही. दुकानातल्या मुलाला फोन केलाय."

प्राणेश अकराला आला. कॉम्प्युटर त्यानंच बसवला होता. त्यानंतर प्रिंटर बिघडला म्हणून वर्षभरात तीनदा येऊन गेला होता. सुखदानं कॉफी आणली. त्याच्या कपात साखर नव्हती, आणि त्यानं मागितलीही नाही.

"स्वल्प वेळ लागेल, अक्का," तो प्रतिमाताईंना म्हणाला. "मागचं झाकण काढून आतली छोटी बॅटरी दहा मिनिटं बाहेर ठेवायची. मग पासवर्ड मशीनही विसरतं."

"आणि पत्रिका?"

"ती वेगळ्या ठिकाणी असते. तिला काही होत नाही."

दहा मिनिटं प्रतिमाताई घड्याळासमोरून हलल्या नाहीत. बॅटरी परत बसली, कॉम्प्युटर काही न विचारता सुरू झाला.

"एवढंच, की मशीनला आता वाटतंय, आज एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी आहे," प्राणेश म्हणाला.

"म्हणजे सुखदा सात वर्षांची," विद्याधरराव म्हणाले. "फडक्यांना कळवा, घाई नाही."

सुखदा हसली. प्रतिमाताई हसल्या नाहीत. "आधी पत्रिका काढा."

तारीख दुरुस्त करून विद्याधररावांनी पत्रिका उघडली. सुखदा, तेवीस ऑक्टोबर एकोणीसशे बहात्तर, दुपारी तीन वाजून पाच मिनिटं.

"दुपारी?" प्रतिमाताई थबकल्या. "मला सकाळचं का वाटतंय?"

"फॅक्टरीच्या दवाखान्यात झाली. शिफ्टचा भोंगा नुकताच झाला होता, असं तूच सांगतेस. भोंगा सकाळी सातलाही होतो आणि दुपारी तीनलाही."

"भोंगा ऐकला, एवढं खरं. कुठला, ते कळायला शुद्धीत कोण होतं."

"फडक्यांनी मुलाची माहिती पाठवलीय, ती घालू?"

"थांबा, आधी मशीन नीट चालतंय का ते बघा. खोटं काही बाहेर आलं तर चारचौघांत शोभा." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "कुणाची तरी चाचणीपुरती घाला."

"कुणाची घालू? प्राणेश, तुझीच सांग."

प्राणेशनं कॉफीचा कप खाली ठेवला. सुखदा अचानक खिडकीतल्या तुळशीला पाणी घालायला गेली. त्यानं तारीख, वेळ, गाव सांगितलं. विद्याधररावांनी एका बोटानं टाइप केलं. प्रिंटर करकरला.

"बत्तीस," प्रतिमाताईंनी वाचलं. "छत्तीसपैकी बत्तीस." त्यांनी कागद उलटा करून पाहिला, जणू मागे काही फोड दिली असेल.

"सरी, ठीक आहे. म्हणजे मशीन चालतंय," प्राणेश म्हणाला.

मग फडक्यांचा मुलगा घातला. चौदा आले. पुन्हा घातला. पुन्हा चौदाच.

प्रतिमाताई प्राणेशकडे आज पहिल्यांदाच पाहत असाव्यात, अशा पाहत होत्या.

"तुमचं आडनाव काय म्हणालात?"

"गलगली. घर बसवनगुडीला. वडिलांचं चिकपेटेत कापडाचं दुकान होतं, आता ते भाऊ बघतो. मी कॉम्प्युटरच्या दुकानात भागीदार आहे, अक्का."

"अक्का काय, काकू म्हणा. आणि उपमा खाल्ल्याशिवाय जायचं नाही." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "फडक्यांना फोन करते. चौदा म्हणजे चौदा, त्यात तुम्ही मध्ये पडू नका."

"मी कधी पडलोय?" विद्याधरराव म्हणाले.

उपमा झाला, दुसरी कॉफी झाली. सुखदा प्राणेशला फाटकापर्यंत सोडायला गेली. प्रतिमाताईंनीच पाठवली.

"पासवर्ड बदलायची युक्ती झकास होती," प्राणेश हळूच म्हणाला.

"मी कुठे बदलला? मला वाटलं, तुझंच काहीतरी."

"मी तर सकाळी दुकानात होतो."

प्राणेशनं फाटकाची कडी काढली आणि पुन्हा लावली.

"आणि गेल्या महिन्यात प्रिंटर दुरुस्त करताना आपण गुपचूप पाहिलं, तेव्हा साडेनऊ आले होते ना?"

"साडेनऊच."

"मशीन तेच. मी तोच."

"मीही तीच," सुखदा म्हणाली.

आत प्रतिमाताई फोनवर फडक्यांची क्षमा मागत होत्या. विद्याधररावांनी खोलीचं दार लोटलं आणि खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढला. प्रिंटरच्या मागे पडलेला हा कागद त्यांना तीन आठवड्यांपूर्वी सापडला होता. सुखदा, जन्मवेळ सकाळी सात पाच. प्राणेश. गुण साडेनऊ.

त्यांनी तो बारीक फाडला, तुळशीच्या कुंडीत मातीखाली दाबला, हात पुसले आणि कॉम्प्युटरला नवा पासवर्ड घातला. जुनाच.